फॉस्फोफिलाइट कसं ओळखायचं आणि कुठल्या खणात ठेवायचं

भोसरीतल्या एका जॉब शॉपमध्ये मी बरीच वर्षं फॉस्फेटिंगची, म्हणजे रंग देण्याआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याची, टाकी सांभाळली. सकाळी फ्री ॲसिड आणि टोटल ॲसिडचं टायट्रेशन, आठवड्याला तळातला स्लज उपसणं, आणि जिगवर लटकून आलेल्या पत्र्यावर बोट फिरवून कोटिंग सगळीकडे सारखं बसलंय का ते बघणं. त्या करड्या, किंचित खरखरीत थरात एक खनिज असतं आणि त्याला फॉस्फोफिलाइट म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पुढे स्फटिक गोळा करायचा नाद लागला. तेव्हा समजलं की याच नावाचा बोटाच्या पेराएवढा स्वच्छ निळसर हिरवा तुकडा म्हणजे संग्राहकांच्या लेखी मोठं घबाड.

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याच्या हातात 'फॉस्फोफिलाइट' अशी चिठ्ठी लावलेला दगड आला आहे आणि चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा हे ठरवायचं आहे. याच क्रमाने दुसरं कुठलंही फॉस्फेट तपासता येईल. सामान फार लागत नाही: दहापट मोठं दाखवणारी सोनाराची लूप, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, दोरा, पाण्याचा पेला, कॅल्साइटचा एक तुकडा. पुढच्या चाचण्यांना रत्नपरीक्षकाची किंवा कॉलेजची प्रयोगशाळा लागेल.

आधी सूत्र वाचा, दगड नंतर

बहुतेक जण उलटं करतात. रंग बघतात, इंटरनेटवरच्या फोटोशी ताडतात आणि ठरवून मोकळे होतात. फॉस्फेटांमध्ये रंगाइतका खोटारडा साक्षीदार नाही.

सूत्र शब्दांत मांडतो: जस्ताचे दोन अणू, लोहाचा एक, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू. विद्युतभाराचा हिशोब करून बघा. जस्त प्रत्येकी दोन म्हणजे चार, लोहाचे दोन, झाले सहा धन. फॉस्फेटचे प्रत्येकी तीन, म्हणजे सहा ऋण. जमाखर्च जुळला. पण तो जुळला तो लोह फेरस आहे म्हणून. फेरिक असतं तर भार तीन झाला असता आणि हिशोब फिसकटला असता. ही एक गोष्ट पक्की धरा, या खनिजाची निम्मी कहाणी त्यातच आहे.

वजनाच्या टक्केवारीत मांडलं तर झिंक ऑक्साइड सुमारे ३६.३, फॉस्फरस पेंटॉक्साइड ३१.६, फेरस ऑक्साइड १६ आणि पाणी १६. निसर्गात लोहाची थोडी जागा मँगनीज घेतं, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात मँगनीज दिसलं तर दचकू नका.

आता रचना. जस्ताचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजनांच्या मधोमध बसतो, म्हणजे चतुष्फलकात. फॉस्फरसही तसाच. या दोन प्रकारच्या चतुष्फलकांचे मिळून पत्रे तयार होतात. लोह मात्र सहा शेजाऱ्यांच्या अष्टफलकात बसतं. त्या सहांपैकी दोन ऑक्सिजन फॉस्फेटचे आणि उरलेले चार पाण्याचे. म्हणजे सूत्रातलं सगळं पाणी एकट्या लोहाभोवती आहे. जस्त-फॉस्फेटचे मजबूत पत्रे आणि त्यांना जोडणारे हे लोहाचे विरळ टेकू, अशी ही इमारत. फटका बसला की टेकू सुटतात आणि पत्रा वेगळा होतो. नावातला 'फिलॉन' हा ग्रीक शब्द, अर्थ पान, तो याच पानापानाने सुटण्यावरून आला. जर्मनीत बव्हेरियातल्या हागेनडॉर्फच्या पेग्मटाइटमधून, म्हणजे मोठाल्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकातून, लाउबमान आणि श्टाइनमेट्झ यांनी १९२० साली या खनिजाचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा हे नाव पडलं.

लूपखाली काय दिसायला हवं

खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइट बंद करा. रंग रंगहीन ते फिकट निळसर हिरवा. चमक काचेसारखी. स्फटिकप्रणाली मोनोक्लिनिक, आपल्या पाठ्यपुस्तकांतली 'एकनत': तीन अक्षांपैकी एक कललेला. हे डोळ्यांनी ओळखायचं तर बाजूने बघताना स्फटिकाचं डोकं तिरपं कापल्यासारखं दिसतं का ते पाहा. बोलिव्हियाच्या नमुन्यांत माशाच्या शेपटीसारखे जुळे स्फटिक पुष्कळ मिळतात; दोन पाती एका टोकाला चिकटलेली, मधे इंग्रजी व्ही अक्षराची खाच. ही खाच दिसली तर तुमचं पारडं बरंच जड झालं असं समजा.

मग पाटन, म्हणजे स्फटिक ज्या प्रतलांवर सहज दुभंगतो ती दिशा. फॉस्फोफिलाइटमध्ये एक दिशा अतिशय स्पष्ट आणि आणखी दोन बऱ्यापैकी असतात. ती बघायला दगड फोडू नका. स्फटिक हळूहळू फिरवत आतल्या बारीक भेगा शोधा. त्या एकमेकींना समांतर असतील आणि एका कोनात आल्यावर सगळ्या एकदम लखलखतील.

काठिण्य मोह्स श्रेणीवर ३ ते ३.५. पुस्तकं सांगतात की तांब्याचं नाणं ३ काठिण्याचं समजा. आपली रोजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, तेव्हा हा सल्ला आपल्याकडे बाद. त्याऐवजी कॅल्साइट घ्या, त्याचं काठिण्य बरोबर ३ आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते ढिगाने मिळतं. मूळ स्फटिकावर ओरखडा काढायचा नाही, कधीच नाही. खोक्याच्या तळाशी सुटून पडलेला एखादा कण चिमट्याने धरून कॅल्साइटच्या सपाट बाजूवर ओढा. पुसट रेघ उठली आणि ती ओल्या बोटाने पुसली गेली नाही, तर काठिण्य तीनच्या आसपास किंवा वर. तोच कण फ्लोराइटवर, म्हणजे ४ वर, रेघ काढत असेल तर तुमचा दगड फॉस्फोफिलाइट नव्हे. कस, म्हणजे घासल्यावर पडणाऱ्या पुडीचा रंग, पांढरा येतो, पण पांढरा कस इतक्या खनिजांचा असतो की त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

वजन करा, पाण्यातही करा

घरी करता येण्याजोग्या चाचण्यांत मी सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर ठेवतो, आणि त्याला कारण आहे. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर मी हिरवट, पारदर्शक, एका दिशेने छान पाटन असलेला स्फटिक 'फॉस्फोफिलाइट' म्हणून घेतला होता. घरी आल्यावर काट्यावर ठेवला: ४.२३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याने बांधलेला स्फटिक तळाला किंवा काठाला न टेकता पाण्यात सोडला. काट्याने १.८० दाखवलं. म्हणजे स्फटिकाने १.८० ग्रॅम पाणी बाजूला सारलं. ४.२३ भागिले १.८०, विशिष्ट गुरुत्व २.३५.

फॉस्फोफिलाइटचं असायला हवं ३.१ च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या तुकड्याने १.३६ ग्रॅमच पाणी सारलं असतं. इतका फरक काट्याच्या चुकीत बसत नाही. २.३५ हा आकडा ॲपोफिलाइटचा, आणि पुण्याच्या माणसाला तो दुकानाबाहेरच ओळखता यायला हवा होता; पाषाणच्या खाणींतलं हिरवं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. दोन्ही नावांच्या शेपटीला तेच 'पान' आहे, दोन्हींना पाटन आहे, रंगही जवळपास. विकणाऱ्याने फसवलं की तोही फसला होता, देव जाणे. माझे पैसे गेले ते गेले.

चाचणी करताना दोन पथ्यं. स्फटिक मातृखडकाला चिकटलेला असेल तर हे गणित निरर्थक, कारण तुम्ही खडकाचंही वजन करता. आणि पाण्यात बुडवल्यावर चिकटलेले बुडबुडे बारीक ब्रशने झटका, नाहीतर उत्तर हलकं येतं.

आकडे एकमेकांना साक्ष देतात का?

हा भाग वगळून पुढे गेलात तरी चालेल, पण माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. क्ष-किरणांनी मोजलेल्या एकक कोशाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या, बाजू सुमारे १०.३८, ५.०८ आणि १०.५५ अँगस्ट्रॉम, कललेला कोन १२१.१ अंश. तिन्ही बाजूंचा गुणाकार करून त्या कोनाच्या साइनने गुणलं की आकारमान साधारण ४७६ घन अँगस्ट्रॉम येतं. सूत्राचं रेणुवस्तुमान ४४८.६ आणि एका कोशात अशी दोन सूत्रं मावतात. वस्तुमान भागिले आकारमान, एककं सरळ करून उत्तर येतं ३.१३. आपण पेल्यात दोरा सोडून जो आकडा काढणार, तोच सूत्रातून आणि कोशातूनही निघतो. तीन वेगळ्या वाटा एका चौकात येतात. कुठल्याही नवख्या खनिजाची पुस्तकी माहिती तपासायला हे गणित एकदा करून बघावं; छपाईतल्या चुका पटकन सापडतात.

प्रकाशाच्या चाचण्या

पैलू पाडलेला खडा असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा. अपवर्तनांक, म्हणजे खडा प्रकाश किती वळवतो तो आकडा, १.५९५ ते १.६२१ या पट्ट्यात येतो, द्विअपवर्तन, म्हणजे दुभंगलेल्या प्रकाशाच्या दोन वाचनांतला फरक, ०.०२ च्या थोडं वर, आणि खनिज द्विअक्षीय ऋण आहे; द्विअक्षीय म्हणजे प्रकाश न दुभंगता जातो अशा त्यात दोन दिशा असतात. लघुतरंग अतिनील दिव्याखाली जांभळट प्रतिदीप्ती दिसते, म्हणजे दगड स्वतःच उजळतो. ती दिसली तर टिपून ठेवा, पण फक्त तिच्यावर निकाल देऊ नका.

बाजारात ज्यांच्याशी गल्लत होते त्यांचं थोडक्यात:

निळा टोपाझ सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे. अपवर्तनांक जवळचाच, १.६१ ते १.६२, पण विशिष्ट गुरुत्व ३.५ च्या वर आणि काठिण्य ८. काट्यावर पकडला जातो.

ॲक्वामरीन २.७ वर अडकतं. अपवर्तनांकही १.५७-१.५८, म्हणजे खालीच.

टुर्मलिन हा खरा डोकेदुखीचा मामला. विशिष्ट गुरुत्व ३.०६ च्या आसपास, द्विअपवर्तनही ०.०२ च्या घरात, आणि निळ्या-हिरव्या छटा त्याच. इथे वाचनाचं खालचं टोक बघा: टुर्मलिन १.६२ च्या खाली सहसा उतरत नाही, फॉस्फोफिलाइट १.६० च्याही खाली जातं. शिवाय टुर्मलिन एकाक्षीय आहे आणि त्याला सांगण्यासारखं पाटन नाही.

ॲपेटाइट हे स्वतः फॉस्फेटच, ३.२ च्या जवळ, पण अपवर्तनांक १.६३ च्या वर, द्विअपवर्तन फारच कमी आणि काठिण्य ५. फ्लोराइट ३.१८ वर बसतं म्हणून काटा गोंधळतो. पण ते समदिक आहे, म्हणजे सगळ्या दिशांनी प्रकाशाला सारखंच वागवतं, त्यामुळे पोलॅरिस्कोपमध्ये दोन ध्रुवण-काचांच्या मधे फिरवलं तरी अंधारच राहतो.

रसायन, कणभरच

बारावीच्या सॉल्ट ॲनालिसिसची आठवण असेल त्यांना हे सोपं जाईल. सुटून पडलेला कण पातळ नायट्रिक आम्लात विरघळवा, अमोनियम मॉलिब्डेट घाला, किंचित कोमट करा. कॅनरी पिवळा साका बसला की फॉस्फेट आहे. आर्सेनेटही असाच पिवळा साका देतं, फक्त त्याला चांगली उकळी लागते. म्हणून 'कोमट' या शब्दावर जोर. फेरस लोहासाठी वेगळा कण हायड्रोक्लोरिक आम्लात घेऊन त्यावर पोटॅशियम फेरीसायनाइडचा थेंब: गडद निळा. इथे नायट्रिक वापरू नका, ते फेरसचं फेरिक करून टाकतं आणि चाचणी फसते. कण कोरड्या परीक्षानळीत तापवला की वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात, म्हणजे सूत्रातलं पाणीही साक्ष देऊन जातं. जस्त हुडकायला आधी लोह वेगळं काढावं लागतं, तेव्हा ते प्रयोगशाळेवर सोडा. हे सगळं चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुळीच नाही.

खण कुठला?

आता वर्गीकरण. स्ट्रुंझ पद्धतीत प्रत्येक खनिजाला एक क्रमांक असतो आणि तो पिनकोडसारखा डावीकडून वाचायचा. फॉस्फोफिलाइटचा क्रमांक ८.सीए.४०.

आठ म्हणजे फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा वर्ग. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा: फॉस्फेटखेरीज हायड्रॉक्सिल किंवा फ्लोरीनसारखा आगंतुक ऋणभार आहे का? आणि पाणी आहे का? दोन्ही नसेल तर ८.ए, तिथे केरळच्या वाळूतलं मोनाझाइट बसतं. आगंतुक आहे पण पाणी नाही, तर ८.बी: ॲपेटाइट. आगंतुक नाही पण पाणी आहे, तर ८.सी. दोन्ही आहेत तर ८.डी: फिरोजा. युरेनिलवाल्यांची, म्हणजे युरेनियम असलेल्यांची, वेगळी वस्ती ८.ई. आपल्या सूत्रात हायड्रॉक्सिल नाही आणि पाण्याचे चार रेणू आहेत, म्हणून ८.सी. त्यानंतरचं अक्षर धनभारित आयनांच्या आकारावरून ठरतं. लहान जस्त चतुष्फलकात आणि मध्यम लोह अष्टफलकात, अशी मिसळ आहे म्हणून 'ए'. दुसरी पद्धत डेनाची; तिच्यात सजल फॉस्फेटांचा वर्ग ४०. दोन्हींत तर्क एकच असल्याने स्ट्रुंझ समजली की डेना आपोआप उलगडते.

शेजारी कोण ते बघितलं की क्रमांकाला अर्थ येतो. ८.सीए.३० वर हॉपाइट आहे. फॉस्फोफिलाइटमधलं लोह काढून तिथेही जस्त बसवा, की हॉपाइट: जस्ताचे तीन अणू, बाकी सगळं तेच. एडिंबराचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. त्याची प्रणाली समचतुर्भुजी. तेच सूत्र त्रिनत प्रणालीत आलं तर पॅराहॉपाइट. लोहाच्या जागी कॅल्शियम आणि पाणी निम्मं, तर शोल्झाइट. हाच सूत्राचा खेळ पाणी काढून हायड्रॉक्सिल घालून केला की टारब्युटाइट मिळतं, आणि ते थेट ८.बी मध्ये उडी मारतं. व्हिव्हिएनाइट हा फेरस फॉस्फेटचा ओळखीचा चेहरा ८.सी मध्येच, पण पुढच्या गल्लीत; काठिण्य २ च्या आत आणि उजेडात ठेवलं की काळवंडतं.

हॉपाइट आणि फॉस्फोफिलाइट वेगळे करायचे तर क्ष-किरण विवर्तन करून घ्या; त्यात पुडीवरून क्ष-किरण कुठल्या कोनांत परततात ते शिखरांच्या आलेखात दिसतं. तांब्यापासून काढलेल्या नेहमीच्या क्ष-किरणांवर फॉस्फोफिलाइटचं पहिलं ठळक शिखर १० अंशांजवळ येतं, हॉपाइटचं ९.६ जवळ. पूड पानापानाची असल्याने कण नमुनापट्टीवर चपटे झोपतात आणि हे शिखर वाजवीपेक्षा उंच दिसतं. शिखराच्या उंचीवरून प्रमाण काढताना हे लक्षात असू द्या. विवर्तनासाठी पूड द्यायची नसेल तर लेझरने घेतात त्या रमन वर्णपटाचा आग्रह धरा, त्यात स्फटिकाला धक्का लागत नाही.

दुर्मिळ का, आणि कुठे

जस्त, फेरस लोह आणि फॉस्फेट एका ठिकाणी येणं अवघड. जस्त बहुतेक स्फॅलेराइटमध्ये, म्हणजे सल्फाइडमध्ये अडकलेलं. ते सुटतं जिथे हवा आणि पाणी पोचतं तिथे. पण हवा पोचली की फेरस लोह फेरिक होऊन गंजासारखं बसून जातं आणि खेळ संपतो. म्हणून जस्ताच्या उघड्या खाणींत हॉपाइट आणि टारब्युटाइट तयार होतात, लोहावाचून. झांबियातल्या काब्वेमध्ये तर फॉस्फेट पुरवलं ते गुहेत साठलेल्या हाडांनी. जस्त सुटेल इतकी हलचल आणि लोह फेरस राहील इतकी घुसमट, ही दोन्ही एकदम लागतात. हागेनडॉर्फमध्ये ट्रिफिलाइट या जुन्या फॉस्फेटने लोह आणि फॉस्फरस दिला, स्फॅलेराइटने जस्त. बोलिव्हियात पोतोसीच्या सेरो रिको डोंगरात, जिथली चांदी १५४५ पासून निघते आहे, उनिफिकादा खाणीत जगातले सर्वोत्तम स्फटिक मिळाले. अमेरिकेतली न्यू हॅम्पशरची पालेर्मो खाण आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातली रीपहुक टेकडी ही आणखी नावं, पण तिथले नमुने लहान.

आणि भोसरीची टाकी? तिथे हे सगळं जुळवून आणलेलं असतं. द्रावणात जस्त आणि फॉस्फेट आहेच; आम्ल पत्र्याला किंचित खातं आणि पृष्ठभागालगत ताजं फेरस लोह सुटतं. तिथल्या तिथे फॉस्फोफिलाइटचे कण बसतात, लोह कमी पडतं तिथे हॉपाइट. डिपमध्ये, म्हणजे पत्रा द्रावणात बुडवला की, लोह पत्र्याजवळ रेंगाळतं म्हणून फॉस्फोफिलाइट जास्त, द्रावण फवारणाऱ्या स्प्रेमध्ये कमी, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर लोहच नसल्याने जवळजवळ सगळं हॉपाइट. मोटारवाले या दोघांच्या बेरजेत फॉस्फोफिलाइट किती याचं गुणोत्तर काढतात, त्याला 'पी रेशो' म्हणतात, आणि ते वर लिहिलेल्या दोन शिखरांवरूनच निघतं. रंगाखाली गंज सुरू झाला की तिथे अल्कली तयार होतं. त्यात फॉस्फोफिलाइट हॉपाइटपेक्षा चांगलं तग धरतं म्हणून हा आटापिटा. एक विनोद नोंदवून ठेवतो: सूक्ष्मदर्शकाखाली त्या थरात पानासारखा दिसतो तो हॉपाइट, आणि 'पान' नावाचं खनिज मात्र दाणेदार.

मग टाकीतलं फॉस्फोफिलाइट खनिज आहे का? काटेकोर बोलायचं तर नाही. भूगर्भातल्या प्रक्रियेने घडलेला पदार्थ तेवढा खनिज, माणसाने टाकीत घडवलेला नव्हे, असं आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटना मानते. संयुग तेच, रचना तीच, मान मात्र डोंगरातल्याला.

जपणूक आणि चिठ्ठी

अल्ट्रासोनिक क्लीनर नको, वाफ नको. सोनाराला अंगठीत बसवायला देणार असाल तर आधीच सांगा की जवळपास गॅसची ज्योत लावायची नाही. खड्यातलं पाणी तापल्यावर सुटतं. सामान्य तापमानाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. डब्यात फोमवर, एकटा ठेवा. क्वार्ट्झच्या शेजारी ठेवलात तर प्रवासात ओरखडे पक्के.

चिठ्ठीवर नाव, खाण, गाव, देश, कुणाकडून कधी घेतला आणि कोणकोणत्या चाचण्या झाल्या ते लिहा, आकड्यांसकट. जुनी चिठ्ठी चुकीची निघाली तरी फेकू नका, नवीच्या मागे ठेवा. माझ्या त्या स्फटिकाच्या डब्यात आता लिहिलं आहे: 'ॲपोफिलाइट. वि. गु. २.३५. ठिकाण अज्ञात, बहुधा दख्खन बेसॉल्ट.' आणि तिच्यामागे स्टॉलवाल्याच्या गोल अक्षरातली जुनी चिठ्ठी, किमतीसकट.